लेकुरवाळी मरळ

आमच्या भोईपुऱ्यात मासा पाण्यात असेपर्यंत कुणाचाच नसे. जाळ्यात आला की तो धरणाऱ्याचा, आणि घराच्या उंबऱ्याला टेकला की बाईचा. तिथून पुढे तो विकायचा, वाळवायचा, रांधायचा की शेजारणीच्या पदरात टाकायचा, हे बाई ठरवणार. पुरुषानं त्यात तोंड घालायचं नाही. टोपली घेऊन बाजारात बसलेला भोई मी लहानपणी पाहिलाच नाही. अलीकडे सभांमधून शिकलेल्या बाया मला समजावतात की यात बाईवर कामाचा दुहेरी बोजा पडत होता. पडत होता, मी कुठे नाही म्हणते? पण त्या बोज्याबरोबर एक किल्लीही आमच्याच कमरेला होती. माझ्या मायनं ती एका पावसाळ्यात फिरवून दाखवली. ती गोष्ट मला नीट लिहून ठेवायची आहे, कारण गावात आता ती सांगताना लोक तिला गोड करायला लागले आहेत, आणि माझी माय गोड मुळीच नव्हती.

मोहतळी हे आमचं गाव बार्शीटाकळीच्या पुढे, आणि गावाच्या डोक्यावर तलाव. तलावाची पाळ आमच्या घरांच्या छपरांवरल्या कवेलूंपेक्षा उंच होती, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही पाण्याच्या खालीच झोपतो आहोत असं मला वाटायचं. सकाळी जाग यायची ती बाच्या जाळ्यानं. बा माझा दबक्या पावलांचा माणूस, कुणाची झोप मोडू नये म्हणून दारसुद्धा उचलून उघडायचा, पण खुंटीवरून फेकजाळं उतरवलं की त्याच्या काठाच्या शिशाच्या गोळ्या भिंतीवर खुळखुळायच्याच. तो परत येईपर्यंत माय चूल पेटवून, विळा दगडावर घासून तयार. मासा आला की अंगणात पाटावर बसून ती खवलं काढायला लागायची आणि खवलं उडून माझ्या वेणीत बसायची. शाळेत पोरी नाक धरायच्या. मी त्यांच्या नाकावरचा हात ओढून काढायची आणि म्हणायची, आता घे नीट वास. मला शाळेत मैत्रिणी कमी का होत्या, हे यावरून समजावं.

घरात रांधायला बहुतेक बारीक मासा किंवा झिंगे, कारण मोठा बाजारात जायचा. झिंग्यांत अंबाडीची भाजी पडायची आणि वरून लसणाची फोडणी. सणासुदीला किंवा कुणी आजारातून उठलं की मरळ. चुलीत भाजलेला कांदा, लसूण, तिखट, चिंचेचा कोळ, आणि सोबत ज्वारीची भाकर. मरळीला काटे कमी, मांस घट्ट, बाळंतिणीला आणि हाड मोडलेल्याला तीच देतात. दुसऱ्यांच्या घरी माशाचं डोकं घरधन्याच्या ताटात जायचं, आमच्या घरी ते माय स्वतः खायची. एकदा बा हसत म्हणाला, डोक्यावर माझा हक्क नाही का. माय म्हणाली, बाजारात डोकं मी लावते, मग डोकंही मीच खाणार. बानं शेपटीचा तुकडा उचलला आणि विषय संपला.

बाजार बार्शीटाकळीचा, कधीमधी अकोल्याचा. एसटीत कंडक्टर म्हणायचा, वास येते, टोपली टपावर टाका. माय त्याला सांगायची की टोपली टपावर टाकते, पण मग तिकीटही टपाचं दे. बाजारात तिच्या शेजारी फातमाबी बसायची, सुकट-बोंबील विकणारी. दोघी गिऱ्हाइकावरून भांडायच्या आणि एकाच डब्यातून जेवायच्या. ओल्या माशाचं गिऱ्हाईक माझं, सुक्याचं तुझं, असा करार होता, तरी दर बाजाराला भांडण ठरलेलं. त्यांना बहुतेक त्याशिवाय चैन पडत नसावं.

एवढी तोंडाळ माय एका माणसापुढे मात्र मुकी असायची. ते म्हणजे माझे मोठेबा, बाचे थोरले भाऊ आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यापुढे पदर घ्यायचा, ही आमची रीत. पण एका अंगणात राहायचं तर बोलण्यावाचून कसं भागणार? म्हणून मध्ये मी असायची. माय मला म्हणायची, "कुसे, तुह्या मोठ्याबाले सांग, पानी भरलं." मोठेबा चार हातांवर बसलेले, त्यांना सगळं ऐकू आलेलं, तरी मी तोंड वळवून पुन्हा सांगायचं. मग ते म्हणायचे, "तुह्या मायले सांग, ठीक हाये." बोलायला लागल्यापासून मी ही चाकरी केली. कधी कंटाळा आला की मी निम्मंच सांगायची, आणि तरी उत्तर पुरं यायचं.

आता मरळीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरून घडलं. बाकीचे मासे अंडी टाकतात आणि निघून जातात. मरळ तसं करत नाही. आषाढात काठच्या गवतात ती अंडी घालते, पिलं निघाली की त्यांचा लालभडक पुंजका पाण्यावर तरंगतो, सांडलेल्या कुंकवासारखा, आणि मरळ त्याच्याखाली राखणीला उभी असते. त्या दिवसांत ती धड खात नाही, पोट पाठीला लागतं. पण पिलांवर काही आलं की झेप घेते. तिला धरायची युक्ती यातच आहे. गळाला जिवंत बेडूक लावायचा आणि पुंजक्यावरून ओढायचा. भूक नसतानाही ती बेडकाला तोंड मारतेच, लेकरांवर आला म्हणून. इतर महिन्यांत मरळ धरायची तर भोयाचा घाम निघतो, आणि श्रावणात शेंबडं पोरही धरतं. म्हणूनच जुनी माणसं सांगायची, लेकुरवाळीला गळ टाकू नये. आई उचलली की संध्याकाळपर्यंत पुंजका बाकीच्या माशांच्या, ढोक-बगळ्यांच्या पोटात जातो.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी सगळे विसरले. अकोल्याच्या हॉटेलांतून जिवंत मरळीला मागणी आली. ऐन पावसाळ्यात दुसरा मासा फारसा नसताना मरळ मिळते म्हटल्यावर भाव चढला, आणि सोसायटीनं बाहेरून आणून तलावात सोडलेल्या रोहू-कटल्याच्या बोटुकलीवर, म्हणजे बोटभर पिलांवर, सगळ्यांचा जीव असल्यामुळे गावरान माशाची पर्वा कुणाला नव्हती. तो फुकटचा, आपोआप येतो, असा समज. दोन-चार पावसाळ्यांत पाळीवरून दिसणारे लाल पुंजके कमी कमी होत गेले. दसऱ्यानंतर मायच्या टोपलीत मरळ येईनाशी झाली. गिऱ्हाईक विचारायचं, मावशी, मरळ? माय नुसती मान हलवायची, आणि तिला मान हलवायची सवय नव्हती.

त्या श्रावणात बानं एक मरळ आणून उंबऱ्यावर ठेवली. मायनं तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि विळा बाजूला सारला. बाला कळलं होतं. तो खाली बघत म्हणाला, सगळेच धरून राहिले, मी नाही धरली तर दुसरा धरन.

"मंग दुसऱ्याची बायको इकन तिले," माय म्हणाली. "मी लेकुरवाळी इकत नाही. आजपासून नाही."

तिनं ती मरळ बादलीत घालून बाच्या हातात परत दिली. उंबऱ्याला टेकलेला मासा बाईनं परत केला, असं भोईपुऱ्यात कधी घडलं नव्हतं. बा बादली घेऊन मोठेबांकडे गेला. माय पदर खोचून घरोघर निघाली. बायांना पटवायला तिला फार बोलावं लागलं नाही, कारण दसऱ्यानंतरच्या रिकाम्या टोपल्या सगळ्यांनीच उचलल्या होत्या. आठवडाभरात असं झालं की श्रावणातली मरळ पुऱ्यातली एकही बाई हातात धरेना.

मोठेबा काही कमी नव्हते. त्यांनी अकोल्याच्या बबनशेट नावाच्या व्यापाऱ्याला सांगून त्याचा टेम्पो सरळ तलावाच्या पाळीवर बोलावला. मासा जाळ्यातून ड्रममध्ये, ड्रममधून अकोल्याला. उंबऱ्याला टेकलाच नाही, तर बायांचा हक्क येतो कुठून? हा त्यांचा कायदा, आणि कायदा म्हणून तो चोख होता. पुरुष हसले, काहींनी मिशांवरून हात फिरवला. मायच्या लक्षात आलं की आज मरळ गेली, उद्या रोहू जाईल, परवा झिंगाही पाळीवरूनच जाईल, आणि मग बाया घरात बसतील व तलावात काय उरलं हे विचारणारं कुणी राहणार नाही. ती मला तसं म्हणाली नाही. पण तिचं जेवण कमी झालं, आणि मला तेव्हा मोठी भीती वाटली.

बाजाराचा दिवस होता. पुऱ्यातल्या बाया बारीक मासा घेऊन सकाळीच बार्शीटाकळीला गेल्या होत्या. माय आणि मी तलावाच्या आमच्या बाजूला धुणं धूत होतो. तिथं बेशरमाच्या झुडपांपाशी एक पुंजका होता, आणि माय आठवडाभर त्याच्यावर लक्ष ठेवून होती. मोठेबा गळ घेऊन आले. मायनं पदर ओढला आणि मला म्हणाली, "कुसे, तुह्या मोठ्याबाले सांग, ही लेकुरवाळी हाये." मी सांगितलं. मोठेबा बेडूक गळाला लावत म्हणाले, "तुह्या मायले सांग, धुनं धुवाव." मी तेही सांगितलं. बेडूक पुंजक्यावरून सरकला, पाणी फुटलं, आणि काळीभोर मरळ त्यांच्या हातात तडफडत वर आली. ती घेऊन ते पाळीवरच्या टेम्पोकडे गेले. थोड्या वेळानं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

मायनं हातातलं लुगडं पिळलं, पण वाळत घातलं नाही. ते माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "हे घेऊन पान्यात उभी राहाय. लेकराईवर कोनी येऊ देऊ नको. मी त्याईच्या मायले घेऊन येते." आणि ती ओल्या पायांनीच रस्त्याकडे निघाली, काळीपिवळी जीप पकडायला. टेम्पो बर्फासाठी बार्शीटाकळीला थांबतो हे तिला ठाऊक होतं.

मी कमरेइतक्या पाण्यात उतरले. वेड्यासारखं काम होतं ते, पण मला ते क्षणभरही वेडं वाटलं नाही. लुगडं पाण्याखाली पसरून मी पुंजक्याच्या तलावाकडच्या अंगाला आड धरलं. आई नसल्याचं पाण्यात किती लवकर कळतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. आधी बारीक, चपळ मासोळ्या आल्या, कडेनं एक-एक पिलू टिपायला. मी लुगडं हलवलं की पळायच्या, पुन्हा यायच्या. मग ढोक येऊन बेशरमावर बसला. त्याला मी चिखलाचे गोळे मारले. पाणसाप आला, मी पाणी बडवलं आणि तो वळला. पायांना जळवा लागल्या होत्या, त्या काढायला हात मोकळा नव्हता. पिलं माझ्याच पोटाशी येऊन घोटाळायला लागली. त्यांना वाटलं असेल, काहीतरी मोठं उभं आहे, तेच आपलं.

पाळीवर माणसं जमली. कुणी विचारलं, पोरीला भूतबाधा झाली का. मोठेबा आले आणि त्यांनी मला घरी जायला सांगितलं. मी म्हटलं, माय आल्यावर जाईन. अख्ख्या गावादेखत लग्नाची पोर ओल्या अंगानं पाण्यात उभी, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती, हे मला आज समजतं. तेव्हा नुसता राग आला.

"तुले बायको कोन करन?" ते ओरडले.

"मले लेकरं राखता येते," मी म्हटलं, "एवढं सांगजा त्याईले."

मोठेबांना मी स्वतःच्या मनानं दिलेलं ते पहिलं उत्तर. वर कुणीतरी हसलं आणि ते आणखी चिडले. तेवढ्यात बा आला. हातात जाळं होतं. तो माझ्यावर ओरडणार आणि मला ओढून काढणार, असं मला वाटलं, कारण थोरल्या भावाचा शब्द त्यानं जन्मात मोडला नव्हता. त्यानं वर पाळीकडे पाहिलंच नाही. पाण्यात उतरला, बेशरमाच्या काड्या मोडून चिखलात रोवल्या आणि त्यांच्यावर जाळं अर्ध्या गोलात आडवं लावलं. त्या जाळ्याच्या भोकांतून पिलं आत-बाहेर करू शकत होती, मोठा मासा येऊ शकत नव्हता. "लुगडं सोड आता," तो म्हणाला, "मायच्या अंगावर एकच कोरडं उरलं हाये." मग तो माझ्या शेजारी पाण्यात उभा राहिला आणि माझ्या पायांच्या जळवा एकेक करून काढू लागला. मला रडू आलं.

बार्शीटाकळीत काय झालं ते मी फातमाबीच्या तोंडून ऐकलं, आणि ती सांगताना दर वेळी थोडं वाढवायची, तेव्हा निम्मं धरून चाला. टेम्पो बर्फ भरून निघणार तर माय त्याच्यापुढे जाऊन बसली. "बैठी तो ऐसी बैठी, जैसे अपने आँगन में मछली काट रही," फातमाबी सांगायची. "मैं बोली, अकेली काहे को बैठेगी, और मैं पिच्छे जाके बैठ गई." मग आमच्या पुऱ्यातल्या बाया टोपल्या सोडून आल्या. बबनशेटनं टेम्पोतून उतरून आधी दरडावलं, मग समजावलं. ऊन पडलं होतं आणि मरळीच्या ड्रमशेजारी दुसऱ्या गावाहून आणलेल्या रोहूचं भरलेलं खोकं होतं. मरळ ओल्या पोत्यात दिवसभर जगते, रोहू बर्फ सुटला की गेला. बायांना घाई नव्हती. शेवटी शेट म्हणाला, बाई, तुझी कोणती ती उचल आणि वाट सोड. मायनं ड्रममध्ये पाहिलं. सगळ्या काळ्या, सगळ्यांची पोटं पाठीला. आपली कोणती हे तिला काही ओळखू येईना.

"सगळ्याच माह्या," ती म्हणाली.

दिवस कलताना पाळीवरून बायांची रांग आली. एकेकीच्या डोक्यावर ओलं पोतं, आणि पोत्यात आतून काहीतरी उसळतंय. पुरुष बाजूला झाले. मायनं जाळ्याच्या आत आपलं पोतं पाण्यात उघडलं. मरळ पोत्यातून घसरली, क्षणभर तिथंच थांबली आणि खाली गेली. बाकीच्या बाया जिथं जिथं पुंजके पाहिलेले होते तिथं आपापली मरळ सोडायला गेल्या. मोठेबा काठावर येऊन म्हणाले, "तुह्या मायले इचार, हीच ते कशावरून?"

माय पदराआडून म्हणाली, "तुह्या मोठ्याबाले सांग, माय नसन तं मावशी असन."

ती लेकरांपाशी राहिली की नाही, मला खरंच माहीत नाही. पुंजका पुढे बरेच दिवस दिसत होता, बारीक झालेला पण जिता. मावशीनं राखला, की बाच्या जाळ्यानं, कोण जाणे. पुष्कळ वर्षांनी मत्स्यशास्त्र शिकणारा एक मुलगा तलाव बघायला आला आणि त्यानं आम्हाला सांगितलं की मरळीत पिलांची राखण बहुतेक नर करतो. म्हणजे आम्ही जिला लेकुरवाळी म्हणत आलो तो बाप होता. मला वाटलं, मायला वाईट वाटेल. ती तेव्हा पार म्हातारी झाली होती, खाटेवर बसून तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "बरं झालं. एखाद्या जातीत तरी बाप लेकरं पाह्यते." बा जवळच बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहून, तू नाही, अशा अर्थाचा हात केला.

मरळी सोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या खोलीपुढे बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीच्या आडोशाला. मोठेबा फार शांत होते. सोसायटीची इज्जत गेली, व्यापारी तोडला, असं सगळं बोलून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "तुह्या मायले सांग, आजपासून तुह्या बाचं जाळं बंद. तलावात पाय टाकायचा नाही."

मी वळले. माय म्हणाली, "सांग, करा बंद."

मी सांगितलं. मोठेबा हसले. "इचार तिले, मंग खासान काय?"

मी पुन्हा वळले. मायचे ओठ हलले आणि थांबले. सतरंजीवर बा मान खाली घालून बसला होता. रोज संध्याकाळी चुलीवर काय चढणार हे मायनंच पाहिलेलं होतं, आणि आता तेच तिला विचारलं जात होतं. मी मोठेबांकडे तोंड केलं.

"माय म्हनते, आमचं एकट्याचंच कावून? सगळ्याईचंच बंद होऊ द्या. उद्यापासून भोईपुऱ्यातली एकबी टोपली बाजारात जात नाही. मरळ नाही, रोहू नाही, झिंगासुद्धा नाही."

यातला एक शब्दही मायनं सांगितलेला नव्हता. पुऱ्यातल्या एकाही बाईला मी विचारलेलं नव्हतं. मोठेबांनी मायकडे पाहिलं, बहुतेक ती मला चापट मारेल म्हणून. मायनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवला, पण तोंडावरचा काढला, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सरळ भासऱ्याकडे पाहून बोलली.

"बराबर सांगून राहिली पोरगी. मी हेच म्हनलं."

त्या थोरामोठ्यांच्या बैठकीत मी माझ्या मनातलं मायच्या नावावर खपवलं, याचं मला आजही काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी बघते तो पुऱ्यात दारोदारी टोपल्या पालथ्या. मला कुणीही काही विचारलं नाही. बबनशेटनं टेम्पो पाठवायचं बंद केलं होतं, बायांच्या नादी लागून रोहू कोण कुजवणार? एका चुलत्यानं धीर करून स्वतः बाजारात टोपली मांडली. गिऱ्हाइकानं मासा साफ करून मागितला तर त्याला विळा कोणत्या बाजूनं धरायचा हे कळेना, आणि फातमाबी शेजारी बसून पोट धरून हसली. पुऱ्यात दोन्ही वेळा मासा शिजायला लागला. मांजरी तोंड फिरवू लागल्या. आमच्या घरचं जाळं बंदच होतं, पण रोज कुणी ना कुणी बाई परातभर मासा आणून मायच्या उंबऱ्यावर ठेवून जायची.

शेवटी मोठेबा आमच्या अंगणात आले. आत न येता बाहेरूनच त्यांनी हाक दिली, "कुसे, तुह्या मायले सांग."

"मी ऐकून राहिली," माय आतून म्हणाली. "सांगा."

त्यांनी सांगितलं. आषाढ लागल्यापासून भादवा सरेपर्यंत मरळीला गळ नाही. बेशरमाच्या बाजूला जाळं नाही. मासा पाळीवरून जाणार नाही, उंबऱ्यावरूनच जाईल. माय म्हणाली, चहा ठेवते. त्यांनी चहा घेतला, आणि चहा गोड झाला असं मला सांगितलं, मायला सांगण्यासाठी. जुनी सवय होती.

पहिल्या वर्षी काही दिसलं नाही आणि लोकांनी मायला टोमणे मारून घेतले. नियम मोडणारेही निघाले. त्यांच्या बायकांनी त्यांना घरात काय ऐकवलं ते पुऱ्यानं भिंतीतून ऐकलं. पण पुढल्या पावसाळ्यांत पाळीवरून चालताना पुन्हा लाल पुंजके दिसू लागले, आधी इथं-तिथं, मग सगळ्या काठानं. जाळं नसलेल्या बाजूला गवत वाढलं तशी वाम आली, शिंगाळा आला, बाकीचे गावरान मासेही परतले. माझं लग्न झालं, अमरावतीकडच्या एका धरणावर. ज्यांनी मला सून करून घेतलं त्यांना सगळी हकिकत मोठेबांनीच सांगितली होती, आणि ते कौतुकानं सांगत होते असं माझ्या सासूचं म्हणणं. सासरी मी हाच नियम मांडला तेव्हा तिथंही भांडणं झाली. भांडले मी. भांडायला मला लहानपणापासून चांगलं शिकवलेलं होतं.

गेल्या आषाढात नांदगाव पेठेकडून फोन आला. कारखान्यांच्या रस्त्यावर कुणीतरी मोठं हॉटेल काढलं आहे आणि दारावर ‘गावरान मासा’ असा फलक लावला आहे. त्यांच्याकडे बड्या साहेबांची पंगत होती. जिवंत मरळ पाहिजे, तिथला पोरगा फोनवर म्हणाला, भाव तुम्ही सांगा. मी नाही म्हटलं. पोरगा सभ्य होता, समजुतीनं म्हणाला, हो मावशी, या दिवसांत मरळ मिळत नसेल ना. मी ओसरीवर उभी होते. समोर धरणाच्या पाण्यात, काठावरून हात पुरेल एवढ्या अंतरावर, तीन पुंजके लालबुंद तरंगत होते.

"मिळते," मी म्हटलं. "आमी देत नाही."